मेलेल्या माणसाच्या नावाचा विमा

शेगावला स्टेशनाजवळ आमचं गाद्या भरायचं दुकान होतं. देवदर्शनाला येणाऱ्यांच्या लॉजांना आम्ही गाद्या-रजया पुरवत असू. नवरा तापानं गेला आणि दुकान माझ्या अंगावर पडलं. भरणारी माणसं जुनी होती, कापूस मला पारखता येत होता, दुकान चाललं.

नवऱ्यानं दुकानाचा आगीचा विमा काढला होता. दर दिवाळीनंतर खामगावहून एजंट येई, हप्ता घेई, पावती देई. नवरा गेल्यावरही एजंट येत राहिला. मी त्याला चहा पाजत असे, याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या वर्षी मी त्याला विचारलं, ‘‘भाऊ, शेजारच्या भांड्याच्या दुकानापेक्षा माहा हप्ता तिप्पट काऊन?’’

त्यानं नीट समजावून सांगितलं, हे खरं. आत कापूस, मागच्या पडवीवर गवताचं छप्पर, जवळून रेल्वे जाते तिच्या ठिणग्या. आग लागायची भीती जितकी जास्त, तितका हप्ता जास्त. छप्पर बदललं तर हप्ता उतरेल, असंही तोच म्हणाला.

मी हातातल्या दोन पाटल्या मोडल्या आणि पडवीवर टिनं घातली. मग हप्ता कमी करा म्हणून अर्ज केला. आळीतल्या एका शाळामास्तरांनी तो इंग्रजीत लिहून दिला. खाली मी माझी सही केली.

महिन्याभरानं कंपनीचं उत्तर आलं. मास्तरांनी ते आधी मनात वाचलं, मग माझ्याकडे न बघता सांगितलं. अर्ज विमा ज्याच्या नावावर आहे त्याच्याच सहीनं यायला हवा. मालक वारला असेल, तर विमा त्या दिवसापासूनच रद्द.

तीन वर्षं मी मेलेल्या माणसाच्या नावानं पैसे भरत होते. दुकान जळालं असतं तर मला फुटकी कवडी मिळाली नसती. आणि एजंटला सगळं माहीत होतं. नवरा गेल्यावर तो भेटायलाही आला होता, ओसरीवर बसून डोळे पुसून गेला होता.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी त्याला बसा म्हटलं नाही. कागद त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, नाव बदलायचं म्हणजे फार लिखापढी, बाईमाणसाला कशाला त्रास, म्हणून तसंच चालू ठेवलं. वर हसून म्हणाला, ‘‘बाई, काही जळलं तर नाही ना? मंग तुमचं नुकसान काय झालं?’’

गादी टाचायचा दाभण हातात होता, तो मी खाली ठेवला, कारण मला माझाच भरवसा नव्हता. मी म्हटलं, ‘‘इमा होताच नाही, तं पैसे कशाचे घेतले तुम्ही?’’

तो चपला घालून चालता झाला.

हाच प्रश्न मी मास्तरांकडून कंपनीला लिहवला. विमा चालू होता म्हणता, तर तसं लिहून द्या. नव्हता म्हणता, तर हप्ते परत करा. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, की चौकशी चालू आहे. तिसरं पत्र एका वकिलाच्या सहीनं गेलं, तेव्हा दोन वर्षांचे हप्ते मनिऑर्डरीनं आले. तिसऱ्या वर्षाचे का नाहीत, ते कुणी सांगितलं नाही. चूक झाली, असा एक शब्दही कागदावर नव्हता.

नवा विमा मी दुसऱ्या कंपनीत माझ्या नावानं काढला. त्यांच्या माणसाला समोर बसवून, मास्तरांकडून प्रत्येक कलम मराठीत करून घेतलं. दुपार गेली, तो माणूस कंटाळून जांभया देत होता. मी त्याला उठू दिलं नाही.