सचिवांच्या शेजारची खुर्ची

सुभानरावांचा आजा संस्थानच्या फौजेतला. दरबार भरला की मानकऱ्यांना ज्याच्या त्याच्या जागी नेऊन बसवायचं काम त्याच्याकडे. बडोद्यातल्या एका संशोधन संस्थेत दरवर्षी शास्त्रज्ञ आणि गांधीनगरचे अधिकारी धोरणावर बोलायला जमायचे, तेव्हा कोणी कुठे बसायचं हे बावीस वर्षं सुभानरावच ठरवत आले. अधिकारी पुढे सोफ्यावर, शास्त्रज्ञ मागे खुर्च्यांवर. बोलणं फारसं व्हायचं नाही, पण कोणी रुसायचंही नाही.

सत्त्याण्णव साली संचालकांनी ते काम मृदुलाला दिलं. शहराच्या समा भागातून स्कूटीवर येणारी पोर, नोकरी जेमतेम तीन वर्षांची. तिने सोफे हलवले, गोल टेबलं मांडली, एकाआड एक शास्त्रज्ञ आणि अधिकारी बसवायचे ठरवून नावांची कार्डं कॉम्प्युटरवर छापली.

"सुभानराव, आता तुम्ही आराम करा," संचालक म्हणाले.

मांजलपूरला घरी सुभानरावांचं ताट तसंच राहिलं.

"जेवत का नाही?" बायकोने, दुर्गाने विचारलं.

"पित्त झालंय."

"त्या पित्ताचं नाव मृदुला तर नाही ना?"

बैठकीच्या दिवशी सकाळी सुभानराव सगळ्यांआधी पोचले. पाणीखात्याच्या सचिवांशेजारी मृदुलाने गोड बोलणाऱ्या निरुपमाबाईंचं कार्ड ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं आणि तिथे दत्तात्रेय घारपुऱ्यांचं ठेवलं. घारपुरेही शास्त्रज्ञच, पण भांडखोर माणूस. करजणकडच्या विहिरी खारट होताहेत हे पाच वर्षं दिसेल त्याला ऐकवायचा. त्याला पाहिलं की अधिकारी वाट बदलायचे. दहा मिनिटांत सचिव उठतील, मग कळेल संचालकांना माणसं बसवणं काय असतं.

बैठक सुरू झाल्यावर सचिवांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. घारपुऱ्यांनी तोवर कागदावर विहिरींचा नकाशा काढला होता. सचिवांनी चष्मा बदलला आणि कागद आपल्याकडे ओढला.

"हे आजवर मला कोणी सांगितलं का नाही?"

"पाच वर्षं सांगतोय साहेब. तुम्ही सोफ्यावर, मी सातव्या रांगेत."

मागे उभ्या सुभानरावांच्या कानात ते तापल्या तेलासारखं गेलं.

संध्याकाळपर्यंत विहिरींची पाहणी ठरली. संचालकांनी माइकवरून मृदुलाबेनचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. सुभानरावांनीही दोन वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून.

मृदुला सरळ त्यांच्याकडेच आली. "घारपुरेसरांना मी तिथे बसवलं नव्हतं. कार्ड तुम्ही बदललंत ना? चालो, साहेबांना सांगू. हे तुमचं आहे."

तिच्या मनात पापाची शंकासुद्धा नव्हती. 'हो' म्हटलं की बावीस वर्षांचं काम परत मिळत होतं. पण ते हिने ओंजळीत घालायचं आणि आपण घ्यायचं? हे प्रामाणिकपणही हिच्याचकडे असायला हवं होतं?

"आपण हात नाही लावला, बेन. तुमच्या कॉम्प्युटरनेच केलं असेल."

"मग चूकच पथ्यावर पडली," ती हसली आणि परत गेली.

सचिवांनी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. सुभानराव दाराशी उभे राहून ते बघत होते. बघवत नव्हतं, तरी जागचे हलले नाहीत.