न थांबणाऱ्या गाडीचे मालक

आमच्या घरात गाडीला मान आहे, तिच्या ब्रेकला नाही. गाडी सासऱ्यांनी घेतलेली, चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. पेडल दोन-तीनदा दाबलं की तिला कळतं, आपल्याला काहीतरी सांगितलं जातंय. आणि कळल्यावरही ती सवडीने थांबते. हँडब्रेक नुसता नावाला. आमचं घर आचरा गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. बाजार, डॉक्टर, सगळं खाली, आणि खाली जाणारा उतार थेट वस्तीत उतरतो.

यावर घरच्या पुरुषांनी शोधलेला उपाय म्हणजे चिरा. जांभ्या दगडाचा चांगला हातभर तुकडा डावीकडच्या सीटच्या पायाशी ठेवलेला असे. गाडी उतारावर उभी राहिली की डावीकडच्या माणसाने तो घेऊन उडी मारायची आणि चाकाखाली सारायचा. लग्न होऊन आले आणि हे काम माझ्याकडे आलं. जरीची साडी नेसून, गजरा माळून, लोकांच्या लग्नमांडवासमोर मी दगड घेऊन उतरलेली आहे. तोवर नवरा आरशात बघून केस सारखे करी. त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. घर्षणाचा धडा मुलांकडून घोकून घेतला. घरच्या गाडीचा आणि त्या धड्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

मग मुलीला मालवणात नोकरी लागली. एसटीच्या वेळा जमेनात, तेव्हा गाडी तिने न्यायची असं ठरलं. मी म्हटलं, आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावून घ्या, हलक्या पायानेही ब्रेक लागेल असा बूस्टर बसवा, मग न्या. एकटी पोर रोज त्या उतारावरून जाणार; तिच्या शेजारी उडी मारायला कोण बसणार आहे?

थोरले दीर पडवीत सुपारी कातरत होते. ते हसले. "ब्रेकार पाय ठेवता तो ड्रायव्हर न्हय. गिअरात उतरवक व्हयी. इतक्या वर्षांत कोण मेलो काय?"

कोणी मेलं नव्हतं हे खरं. आमच्याकडे सुरक्षिततेचं माप हेच. नवऱ्याने भावाकडे बघून मान डोलावली. ही मान गेली कित्येक वर्षं त्याच दिशेने डोलते आहे.

पण गाडी मुलीला द्यायची तर नीट द्यायला हवी, यावर दोघांचं एकमत होतं. म्हणून नवा रंग दिला. सीटना मखमली कव्हरं आली. मागे घेताना आरती वाजेल असा हॉर्न आला. काचेवर ग्रामदेवतेचं नाव असं ठसठशीत लिहिलं की अर्धा रस्ता दिसेनासा झाला. ब्रेक तेवढे होते तसेच राहिले.

आणि मग देवाला गाऱ्हाणं. वाडीतली माणसं अंगणात जमली, बॉनेटवर नारळ ठेवला आणि दिरांनी डोक्याला टॉवेल गुंडाळून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू गाडी घेवन नोकरेक जाता, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेच्या वाटेत ढोर-वासरू आडवा येवक नको, म्हाराजा. वळणावर एसटी आंगार येवक नको, म्हाराजा. चिऱ्याचो डंपर समोर येवक नको, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मी हात जोडून उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आमची गाडी थांबत नाही, म्हणून देवाने बाकी सगळ्यांना थांबवून धरायचं. गुरं, एसटी, डंपर, सगळी जबाबदारी त्याची. यांनी फक्त रंग लावायचा. नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला, आणि मी चावी उचलून कमरेला खोचली. म्हटलं, ब्रेक झाल्याशिवाय ही मिळणार नाही. हवं तर देवाकडे दुसरी मागा.

दोन्ही भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. घरात इतकी शांतता मला पुन्हा लाभलेली नाही.

शेवटी कुडाळला गाडी नेली. तिथला मेकॅनिकही त्यांच्याच माळेतला मणी. नवऱ्याला म्हणाला, "काय गरज नाय." मी पुढे झाले तर म्हणाला, "करूकच व्हयां." समोर जो उभा असेल त्याचं मत तेच याचं मत. पण त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे डिस्क, कॅलिपर, बूस्टर, सगळं त्याने बसवून दिलं. तपासायला अर्थातच दीर बसले. जन्मभराच्या सवयीने त्यांनी पेडलवर सगळं वजन टाकलं आणि छाती स्टिअरिंगवर आपटून घेतली. खाली उतरून म्हणाले, "बिघडवन टाकली गाडी."

पहिल्या दिवशी मुलगी गेली आणि माझं कशात लक्ष लागेना. आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी गाडी अंगणात आली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. मी चहा दिला. तिने तो न पिताच बाजूला ठेवला.

"काय झाला गो?"

"सकाळी उताराक एक पोर धावत रस्त्यार इला," ती हळूच म्हणाली. "बॉल धरूक. माका वाटला, गेला."

"मगे?"

"गाडी थांबली, आई. हातभर अंतरार रवली. तेणा बॉल उचलल्यान आणि माका बघून हसला."

एवढं बोलून ती रडायला लागली. दिवसभर दाबून ठेवलेलं होतं ते.

पडवीतून दिरांचा आवाज आला. "इला मा चेडू घराक? बघ, काय एक झाला नाय. ब्रेक फुकट गेले."

"होय भावजी," मी आतूनच म्हटलं, "फुकट गेले." आणि तिचे हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले.