मुळावर कोरलेलं नाव

चेरापुंजीजवळच्या जंगलात उतरून मी जिवंत मुळांच्या पुलापाशी पोचले. ओढ्यावर रबराच्या झाडाची मुळं एकमेकांत गुंफून खासी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हा पूल वाढवलेला. गावातली एक आजी एक कोवळं मूळ जुन्या मुळाभोवती वळवत बसली होती.

"हे जाड होईल तेव्हा मी नसेन," ती मोडक्या हिंदीत सहज म्हणाली.

आमच्याकडे स्वतःला राहायला मिळणार नसेल, तर कुणी वीटही उचलत नाही.

मग तिनं हाताला धरून मला पुलाच्या मधोमध नेलं. एका मुळावर चाकूनं खोल अक्षरं कोरलेली होती. तिथली साल काळी पडून कुजत होती.

"काय लिहिलंय? वाचता येतं तुला?"

येत होतं. अक्षरं देवनागरी होती. एका पुरुषाचं नाव आणि खाली आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव. मला तिच्याकडे बघवेना.

"एका माणसाचं नाव आहे."

ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "त्यानं पूल बांधला होता का?"

"नाही आजी," मी म्हणाले. "तो नुसता बघायला आला होता."