अर्ध्याचा वाटा

अर्ध्या एकटा कधी गाणं वाजवायचा नाही. गिटार मांडीवर, बोटं तयार, समोर कॉलेजची पाच-सहा पोरं "वाजव ना रे" म्हणत बसलेली, आणि हा विचारणार, "दुसरा कोठे शे?" दुसरा म्हणजे मी, माझी गिटार घेऊन येणारा. मी आलो नाही तर तो फडक्यानं तारा पुसून गिटार भिंतीला टेकवून ठेवायचा. त्यावरूनच त्याचं नाव अर्ध्या पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

तो सातपुड्यातला, धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. मी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचा. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला आणि पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे मी मान वर करूनच सांगतो. त्याच्याही घरातून इथवर आलेला तो पहिलाच. तो घरी पावरी बोलायचा, मी अहिराणी. शहाद्याच्या कॉलेजात आमचं अहिराणीवर जमलं. प्रमाण मराठी आम्ही दोघांनी परीक्षेसाठी राखून ठेवली होती. मोटरसायकलींची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका चाचांच्या दुकानामागच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. माझी एसटी संध्याकाळची. तोवर माझा मुक्काम तिथंच.

गाणं बसवायचं काम त्याचं. मोबाइलवर गाणं ऐकायचा, मग फोन पालथा घालून म्हणायचा, "आते वाटनी करू." भाऊभाऊ वावराची करतात तशी. सिनेमातलं गाणं असलं की चाल माझ्याकडे. ठेका आणि खालचे जाड सूर त्याच्याकडे. पण एवढ्या सरळ वाटणीनं त्याचं पोट भरायचं नाही. ऐन चालीतला एखादा सूर तो माझ्याकडून काढून घ्यायचा आणि स्वतःकडे ठेवायचा. मी वैतागायचो. म्हटलं, "अरे, येवढा एक सूर मीच वाजाडा तर काय बिघडी?"

"मंग तू मन्हाकडे देखशी का?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. तो एक सूर त्याच्याकडून यायचा म्हणून मला प्रत्येक ओळीला मान वळवून त्याच्याकडे बघावंच लागायचं.

पुढे दुकानात चाचा मशीन थांबवून ओरडायचे, "एक गाने पे दो-दो आदमी? ये तो सरकारी काम हो गया."

"कैंची के भी तो दो पत्ते होते हैं, चाचा," हा आतून उत्तर द्यायचा. चाचा हसायचे आणि पुन्हा मशीन चालू.

मग त्याला भूप रागाचा नाद लागला. त्यातली एक बंदिश दोन गिटारींवर बसवायचं त्यानं मनावर घेतलं. गिटारची तार ओढली की सूर चढतो. गळा वरून खाली घसरत येतो, तसं गिटारवर कसं आणायचं, यात त्याचे कितीतरी दिवस गेले. शेवटी त्याला सापडलं. तार आधी ओढून धरायची, मग छेडायची, मग हळूच सोडायची. मला शिकवताना म्हणायचा, "पहिले दुखू दे. मंग सोड." माझी बोटं सोलून निघाली, पण सूर उतरला. त्यानं स्वतःच्या गिटारच्या तारा मात्र वेगळ्याच लावल्या होत्या. सगळ्या सा आणि प मध्ये, म्हणजे डावा हात न लावता, मोकळ्या तारा छेडल्या तरी साथ होईल. मला वाटायचं, तंबोऱ्यासारखं वाजावं म्हणून हे सगळं.

ते तेवढ्यासाठीच नव्हतं. त्याला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द फार समजावून सांगावा लागत नाही. रक्ताचा आजार, जन्माबरोबर येतो. थंडी वाढली, अंगातलं पाणी कमी पडलं की हाडं आतून कोणीतरी पिळतंय असं होतं. अशा दिवशी तो डावा हात पांघरुणात ठेवून उजव्यानं मोकळ्या तारा छेडत बसायचा. "आज मन्हा बोटं सुट्टीवर शेतस. तू वरलं ले." कायम खालचा वाटा तो का घेतो, हे मला तेव्हा कळलं. त्याला एकट्याच्या भरवशावर कुठलंच गाणं ठेवायचं नव्हतं.

एकदा तो गिटार घेऊन घरी गेला होता. मी बरोबर नव्हतो. आईसमोर त्यानं आपला वाटा वाजवून दाखवला. आई म्हणाली, शिकायला धाडलं तर नुसतं टकटक करायला शिकून आला. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं, मग हसायचा थांबला. म्हणाला, "यंदा होळीले मन्हासंगे चाल. भूपमधलं वरलं मी वाजाडसू. मायनी मन्हं गानं आयकाले पाहिजे." आणि बोट रोखून पुढे म्हणाला, "मन्हा वाटाले हात लावानं नही."

त्या हिवाळ्यात आम्ही उलटे बसलो. मी खाली, तो वर. तो चाल वाजवायला लागला आणि दुकानातली मशीन थांबली. चाचा दारात येऊन उभे राहिले.

होळी जवळ आली आणि दुखणं त्याच्या छातीत उतरलं. त्याला नंदुरबारच्या दवाखान्यात हलवलं. मी गेलो तेव्हा नाकाला नळी होती, बोलायला धाप लागत होती. त्यानं माझा हात ओढून घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटं चालवू लागला. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, तो बंदिश वाजवत होता. अंतऱ्यापर्यंत आला आणि थांबला. "तू खाले बरोबर ऱ्हाय," म्हणाला. "मी वरलं लई येस."

तो होळीच्या आधीच गेला.

त्याच्या कार्याला त्याच्या मोठ्या भावानं मला निरोप धाडला, वाजं घेऊन ये. हा भाऊ दरवर्षी खानदेशी टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो, त्यामुळे त्याला आमची बोली येते. ढोल थांबले, तेव्हा त्यानं मला अंगणात आईसमोर बसवलं. मी माझा वाटा वाजवला. सा, प, सा. जिथं त्याची चाल यायची, तिथं जागा सोडत गेलो. वरचं मला सगळं पाठ होतं. हात तिकडे गेला नाही.

आई टक लावून ऐकत होती. बऱ्याच वेळानं ती भावाच्या कानाशी काही बोलली. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "माय इचारी ऱ्हायनी, गानं कव्हय सुरू व्हई?"

"चालू शे, माय," मी म्हणालो, आणि खालचं पुन्हा पहिल्यापासून धरलं.