चेहऱ्यावरचा पांढरा

सदानंद साळवी गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वासहा वाजता इथे आखातात, सलमानियातल्या रुग्णालयात वारले. वय एकसष्ट. सात वाजता त्यांच्या मुलीचा, रुचाचा, फोन आला. "काका, बाबा..." एवढंच ती बोलली.

साळवी मूळचे मालवणजवळचे. इथे नईम वस्तीत राहून दुकानांच्या पाट्या रंगवत. पुढे पाट्या छापून येऊ लागल्या, तेव्हा ते छपाईच्या दुकानात स्टिकर चिकटवू लागले. सुट्टीचा शुक्रवार मात्र चित्राचा. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकारांची धार्मिक रेखाटनं त्यांनी एका जुन्या पुस्तकात पाहिली होती. त्याच पद्धतीने ते नकला करत. कागदाला आधी निळसर राखाडी हात, वाळल्यावर शाईने रेषा आणि सावल्या, अगदी शेवटी बारीक ब्रशने पांढरा. मी शेजारी बसून शिकायचो. पहिल्यांदा उजेडाची जागा मी कोरी सोडली. ते हसले. "पत्रकार, हा काय तुझ्या ऑफिसचा पांढरा कागद आहे? इथे कोरं म्हणजे उजेड नव्हे. उजेड लावावा लागतो."

शेवटचं चित्र मृत मुलाला मांडीवर घेतलेल्या मेरीचं. रुचा पुण्याला शिकायला जाणार होती. ते तिच्यासोबत द्यायचं होतं. शाईचं काम पूर्ण झालं, पांढरा बराचसा लागला आणि त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला.

जाण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी त्यांनी चित्र, ब्रश आणि पांढऱ्याची वाटी रुग्णालयात मागवली. चेहरा राहिला होता. "पापणीखाली... तांदळाएवढा," ते रुचाला म्हणाले. जीभ जड झाली होती. तिने ब्रश बुडवला, कागदापर्यंत नेला, मागे घेतला. "आय कान्ट, बाबा. आय विल स्पॉइल इट."

"मग तू लाव रे."

मी ब्रश घेतला. पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसलो होतो. टोक कागदावर टेकेना. "उद्या लावू... इंशाल्ला."

"तुझं इंशाल्ला म्हणजे मफी. होणार नाही ते," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सोमवारी साळवींच्या नईमच्या खोलीत गेलो. रुचाने रुग्णालयातून परत आणलेल्या वाटीतला पांढरा वाळला होता. पाणी घालून पाहिलं, सुटला नाही.

रुचाचं तिकीट झालं आहे. चित्र ती नेते आहे. मेरीच्या खांद्यावर, वस्त्राच्या चुण्यांवर आणि मुलाच्या छातीवर पांढरा आहे. चेहऱ्यावर नाही.