मामंजींच्या वहीतला डाग

सुमे, ये, मनानं तरी जवळ येऊन बस. पायांनी यायला तुला सवड कुठली! माझ्या तीन पत्रांना तुझं एक उत्तर, तेही दोन ओळींचं.

तुझे पणजोबा, म्हणजे आमचे मामंजी, रोज मावळतीला शोधायला बसायचे आणि काही सापडलं नाही तरी समाधानानं जेवायचे. लोणावळा स्टेशनातून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. कुसगावच्या अंगणात दुर्बीण लावून घाटाकडचं आकाश पट्ट्यापट्ट्यानं बघायचे, शेत कुळवावं तसं. त्यांना हवा होता एक धूमकेतू, आधी कुणीच न पाहिलेला. शेजारचे धोंडूभाऊ कुंपणावरून टोचायचे, “मास्तर, घावलं का न्हाई?” मामंजी त्यांच्याच बोलीत म्हणायचे, “न्हाई. पर आज तितं काय न्हाई, ह्ये तरी घावलं.”

अंधारात ते वहीत पेन्सिलीनं तारे टिपायचे. सकाळी मी ठिपक्यांवर शाई फिरवायची आणि बाकीची पेन्सिल पुसायची. नव्या सुनेला हे काम त्यांनीच लावून दिलेलं.

एका सकाळी ठिपक्यांमध्ये धुरकट डाग होता. मला वाटलं, अंगठा लागला असेल. रबरानं स्वच्छ केला. मामंजी काही बोलले नव्हते; नवं काही दिसलं तरी दुसऱ्या संध्याकाळी ते ताऱ्यांमधून सरकलेलं दिसल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पण त्याच दुपारी हिवताप भरला. आठ दिवसांनी उठले ते थेट वहीपाशी. पान बराच वेळ बघून म्हणाले, “इथं काही पुसट होतं का गं? धूमकेतू आधी असाच दिसतो, डागासारखा. शेपूट मागनं येते.”

मी नाही म्हणाले. घाबरले होते, दुसरं काय.

तीन संध्याकाळी त्यांनी शोधलं. मग म्हणाले, “माझे डोळेच गेले. नसलेलं दिसायला लागलं.” दुर्बीण भाजे गावच्या शाळेला देऊन टाकली. पुढं सात वर्षं जगले, ती मावळतीकडं पाठ करून. चहा देताना रोज वाटायचं, आज सांगावं. आणि कप ठेवून आत यायची.

तो धूमकेतू होता की खरंच अंगठा, मला माहीत नाही. वही ट्रंकेत आहे. तेवढ्या जागी कागद पातळ झालाय.

दिवेलागणीला अंगणात गेले की अजून कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतं. मी सगळं सांगून टाकते. ते वळत नाहीत.

सुमे, लवकर ये गं. संध्याकाळच्या गाडीनं नको, दुपारीच पोच. दिवेलागणीला घरात आणखी कुणी असावंसं वाटतं.