तिले सुई टोचा

माझ्या मुलाला गोवर निघाला तेव्हा आम्ही वाडीला दोन खोल्यांत राहत होतो. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट, तो सहा वर्षांचा होता. आधी ताप, मग कोरडा खोकला, वाहतं नाक आणि डोळे असे लाल की खिडकीतला उजेडही सोसेना. डॉक्टरांनी त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दाखवले. म्हणाले, "आता पुरळ कानामागून उठेल, मग चेहऱ्यावर, मग खाली." पुरळ अगदी तसंच उठलं. मला क्रमाने होणाऱ्या गोष्टी आवडतात, त्यामुळे त्या आजाराबद्दल क्षणभर आदरच वाटला.

सासूबाईंचा आदर निराळा. त्यांच्या मते हा आजार नव्हताच, घरात माय, म्हणजे देवी आली होती. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली आणि सासूबाई नातवासमोर हात जोडून बसल्या.

"माय, काय पाह्यजे वं तुले?"

"मी पोरगा आहे!" मुलगा ओरडला.

"हो वं माय, तू म्हणशील तसं."

संध्याकाळपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की माय असण्यात फायदा आहे. त्याने जिलबी मागितली, आली. काकाने कोंबड्यासारखं आरवावं म्हणाला. माझा दीर दिवसभर गोदामात हमालांवर ओरडून आलेला, तोही बिचारा आरवला. बिनफोडणीच्या वरणाला कंटाळलेल्या माझ्या नवऱ्याने अर्ज केला, "माय, थोडी मोहरी तडतडू दे ना." मायने नाक पुसून नकार दिला.

इथवर मी हसत होते. पण माझी जाऊ तिच्या मुलीला घेऊन खाप्याला माहेरी गेली होती. मुलगी नुकती नऊ महिन्यांची झाली होती आणि दीर सकाळच्या गाडीने त्यांना आणायला निघणार होता. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "त्या बाळाला या घरात आणू नका. एवढ्या लहान जिवाला गोवर झाला तर न्यूमोनिया होतो, कान वाहतात, जिवावरही बेततं. तिकडेच गोवराची लस टोचून घ्या आणि हा बरा होईपर्यंत तिकडेच ठेवा."

मी हे सगळं सासूबाईंना मुद्देसूद सांगितलं, एकेक बोट दुमडून.

"माय घरात असताना लेकराले सुई?" त्या म्हणाल्या. "कोप होईन! पोरीले आणा, मायच्या मांडीवर ठेवा."

"आत्याबाई, डॉक्टर म्हणतात..."

"तुह्या डॉक्टरले माय भेटली का कधी?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, मी कोणाचं ऐकू?" नवऱ्याला विचारलं तर तो "हूं" म्हणाला. हा त्याचा नेहमीचा निर्णय.

सासूबाई तशाच उठून खाटेपाशी गेल्या. "माय, उद्या लहानी येऊन राहिली तुह्या पाया पडाले. आशीर्वाद दे वं."

मुलगा ताडकन उठून बसला. "ती नको!"

"काहून वं माय?"

"ती माझा ट्रक चाटते. मागचं चाक पण चावलं तिनं." मग जरा विचार करून, "तिले सुई टोचा."

सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. "सुई?"

"मोठी."

दीर पुढे सरकला. "माय, दंडाले का मांडीले?"

"दोन्हीकडे!"

तोवर मी एकदाही त्याला नमस्कार केला नव्हता. तेव्हा मात्र दोन्ही हात जोडले. "माय, एकच सुई पुरे होईल. आणि लहानीला तिकडेच ठेवू."

"बरं," माय म्हणाली. "पण आजीले पण टोचा."

सासूबाई खाटेपासून दोन हात मागे सरकल्या. "मी म्हातारी हाओ वं माय! माह्या हाडात काय सुई जाईन?" दीर तोंडात टॉवेल कोंबून बाहेर पळाला. बरीच घासाघीस झाली आणि तीन दिवस रोज जिलबी या बोलीवर आजी सुटल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर एकटाच परतला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"टोचली?"

"टोचली. दवाखान्यात. एकच."

"रडली?"

"अख्खं खापा गोळा झालं."

सासूबाई आत जाऊन मायच्या कानात सगळं सांगून आल्या. लहानीला पुढे गोवर झाला नाही. पण त्या आठवड्यात मायचा हुकूम आमच्या ओळीत घरोघर पोचला होता. शेजारणी कडेवर लेकरं घेऊन दर्शनाला यायला लागल्या आणि मी काही बोलायच्या आत सासूबाई उंबऱ्यावर हात आडवे करून उभ्या राहिल्या.

"दर्शन मंग," त्या म्हणाल्या. "पयले सुई."